हैदरभाई बेंजो न्यायले आले

मले गान्यातलं काही कळत नाई, हे पहिलेच सांगून टाकते. नाईतर तुमी म्हनसान, कलाबाई म्हनजे बेंजोवाल्याची बायको, तिले सूर-ताल समजत असन. कायचं समजते! सारा जन्म त्या बेंजोची टिणटिण ऐकू ऐकू माहे कान किटून गेले, एवढंच मले समजते.

बेंजो म्हनजे तुमी टीव्हीत पाह्यता तो गोल, कातडं लावलेला नव्हे. आमचा बेंजो म्हनजे लाकडाची लांबट पेटी. वरतून तारा, आन् एका आंगानं टायपिंगच्या मशीनीवर असतात तशा गोल गोल चाव्या. डाव्या हातानं चाव्या दाबायच्या, उजव्या हातानं तारा छेडायच्या. छेडायले एक बारकी पट्टी लागते. आमच्या घरची पट्टी पावडरच्या डब्ब्याचं झाकन कापून केलेली. लग्न होऊन आली तवा ते खोकं पाहून मले वाटलं, नवरा कचेरीत टायपिंगच्या कामाले हाय. दुसऱ्याच दिवशी समजलं, कचेरी नाई न् काई नाई. हा मानूस कोरडवाहू वावरात राबते आन् संध्याकाळी हे खोकं मांडीवर घेऊन बसते.

नाव घ्यायचंच झालं तं इंद्रभान. पन मले नाव घ्यायची सवय नाई. पोरीचं नाव मंजुश्री, म्हनून मी त्यायले मंजूचे बाबाच म्हनते.

तवा पार्टीचे दिवस होते. साखरखेर्ड्याच्या आसपास कुठी बी जयंती असो, पौर्णिमा असो, यायच्या गायन पार्टीले बोलावनं ठरलेलं. मंजूचे बाबा बेंजोवर, गायले शेषराव, आन् ढोलकवर सुलतानपूरचे हैदरभाई. हैदरभाई पिंजारी, गाद्या भरायचा धंदा. कापूस पिंजू पिंजू त्यायचे हात एवढे दांडगे झालते का ढोलकवर थाप पडली का मले वाटे, फुटलं आता. कुठी उरूस असला का हेच तिघं कव्वालीवाल्यायच्या मांगं जाऊन बसत. आमच्या वस्तीत जेवढी इज्जत, तेवढीच त्यायच्या मोहल्ल्यात. लोकं उठायचं नाव घेत नसत.

मंग डीजे आला. डीजेले ना भाकर लागते ना बिडी, बटन दाबलं का वाजते, लोकायले तेच सोपं पडलं. शेषराव सुरतेले कामाले गेला. पार्टी मोडली. मंजूचे बाबा संध्याकाळी घरच्या ओट्यावर एकटेच बसून वाजवू लागले. मी चुलीपासून वरडायची, "अवो, तुमचं टायपिंग झालं असन तं म्हशीले वैरन टाका!" ते म्हनत, "एवढी ओळ वाजवतो आन् आलो." ती ओळ काही संपायची नाई. वैरन मीच टाकायची.

मंजू नर्सिंगचं शिकून पुन्याले दवाखान्यात लागली. एकडाव फोनवर तिनं बापाले दाखवलं, तिच्या खोलीतल्या पोरीजवळ एक लहानशी गिटार होती, चारच तारांची, लेकराच्या खेळण्यावानी. तिले म्हने युकुलेले म्हनतात. मले तं अजून ते नाव घेताबी येत नाई. मंजूचे बाबा फोन डोळ्याजवळ धरून म्हनले, "त्या पोरीले म्हनाव, वाजव जरासं." तिनं वाजवलं. हे असे खुश, असे खुश! "आपल्या बेंजोचं धाकटं भावंड हाय वं हे," म्हने. "यालेबी कोनी वरातीत बोलावत नसन." मंजू लय हासली.

आता औषधाचं सांगते. पिकावर फवारायचं जहर असते ना, त्याले आमच्याकडं औषधच म्हनतात. बीटीचा कापूस आला तवा सारे सांगत होते का याले बोंडअळी लागतच नाई, फवारनीची कटकट गेली. पहिले काही वर्सं खरंच नाई लागली. मंग गुलाबी अळी आली. बोंड वरतून हिरवंगार, फोडून पाहा तं आत सारं किडलेलं, आन् ती मेली अळी दिसाले कशी गोजिरी! त्या वर्सी पऱ्हाटी, म्हनजे कापसाची झाडं, मानसाच्या डोक्याच्या वर गेलती. मंजूचे बाबा पाठीवर पंप घेऊन आत शिरले का नुसती झाडं हलताना दिसायची, मानूस नाई. तोंडाले दुपट्टा आन् आंगात जुना सदरा, एवढंच. त्या दिवशी वारा फिरला आन् सारी फवार आंगावर आली. मी वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून वरडली, बस करा आता! आतून आवाज आला, "एवढी ओळ होऊ दे."

घरी आले तवा डोळ्यातून पानी, तोंडातून लाळ, आन् वांत्यावर वांत्या. शेजारच्या झुंबरबाईच्या जावयाचा ऑटो होता, त्यात घालून मेहकर, आन् तिथून बुलडान्याच्या मोठ्या दवाखान्यात. तिथं फवारनीचेच कितीतरी मानसं होते. कोनी खाटेवर, कोनी खाली. मी पायथ्याशी बसून राह्यली. मंजू पुन्याहून धावत आली. वाचले बाप्पा, वाचले. डॉक्टरीन बाई मायाळू होती. म्हने, जीव वाचला, पन जहर नसांमधी उतरलं हाय; उजवा हात थरथरते तो कमी होईन का नाई, आज नाई सांगता येत. चांगलं खाऊ घाला, हाताले काम देत जा, मानसात बसू द्या.

खाऊ घाला! तिथंच तं घोडं अडलं.

घरी आनलं त्याच दिवशी झुंबरबाई न् तिच्या घरचे भेटायले आले. म्या चहा केला. मंजूच्या बाबानं कप-बशी उचलली आन् ती वाजू लागली, खडखड खडखड. अर्धा चहा सदऱ्यावर. कोनी हासलं नाई. हासले असते तं बरं झालं असतं, मले वरडता तरी आलं असतं. सारे जन आढ्याकडं पाहू लागले, जसं काही तिथं पाखरू बसलं हाय. मंजूच्या बाबानं कप खाली ठेवला. त्या दिवसापासून त्यायचं मानसात खानं-पेनं बंद झालं.

आतल्या खोलीत ज्वारीची कोठी हाय. तिच्या मांगं, भिंतीकडं तोंड करून जेवत. ताट नेऊन ठेवायचं आन् आपन बाहीर यायचं. म्या पाह्यलेलंबी चालत नसे. घास तोंडापर्यंत जाता जाता सांडे. मंग चिडत, आन् तसेच उठत. ताट अर्धंअधिक परत येई. मी म्हनली, मी भरवते. तं माह्याकडं असे पाह्यले, जनू म्या शिवी देल्ली. डाव्या हातानं जेवायचं त्यायच्या मनाले पटेना. चमच्या आनला, तो दातावर आपटला. बाहीरचं येनं-जानं संपलं. उजवा हात सदा दुपट्ट्याखाली. कोनी हाक मारली तं आतूनच, "झोपलो हावो."

मानूस वाळत चालला. आंघोळीले पाटावर बसले का बरगड्या मोजून घ्याव्या. जहरानं मारलं नाई, आता ही लाज मारते का काय, असं मले वाटू लागलं. मले दुसरं काहीच नको होतं. या मानसानं ओट्यावर बसावं, चार मानसात, माह्या डोळ्यापुढं, आन् पोटभर जेवावं. सांडू दे, लवंडू दे, सारा ओटा भरू दे. पन जेवावं. म्या मंजूले फोनवर सांगतलं, "तुहे बाबा जेवत नाईत वं," आन् फोन ठेवून देल्ला.

बेंजो त्यायनं एकडाव मांडीवर घेतला होता. मी वावरातून आली तं दारातून दिसलं. पट्टी चिमटीत धरली न् धरली का गळून पडली. पुन्हा धरली, पुन्हा पडली. बोटात जोरच नव्हता. बेंजो गिलाफात घालून ठेवला, आन् दुसऱ्या दिवशी मले मंजूले फोन लावाले लावला. "हैदरले निरोप दे. बेंजो घेऊन जा म्हनाव. त्याच्याकडं कोनी पोट्टं वाजवनारं असन तं वाजवन. इथं उंदरं कुरतडतीन."

सारा जन्म म्या त्या बेंजोले शिव्या देल्ल्या. पन ते ऐकलं आन् हे खोकं घरातून गेलं का मागून हा मानूसबी जाते, असंच मनानं घेतलं. अडवायचं तरी कसं? वस्तू त्यायची. आन् मी कोन्या तोंडानं म्हनू, राहू द्या म्हून?

हैदरभाई आले तवा कापसाची वेचनी चालू होती. मी झुंबरबाईच्या वावरात वेचाले गेलती. वेचनीले आमी बाया बोटायले चिंध्या बांधतो. वाळलेल्या बोंडायचे टोकं सुईवानी टोचतात, दिवसभरात बोटायचं रगत निघते. म्हनून सकाळी निघतानी जुन्या लुगड्याच्या बारीक चिंध्या फाडायच्या, बोटायले गुंडाळायच्या, आन् एका हातानं गाठ येत नाई म्हनून ती दातानं आवळायची. घरी येईपर्यंत त्या सोडायचं कोनाच्या ध्यानातबी राहत नाई.

उन्हं कलली तशी मी घरी आली. पाह्यते तं आंगनात हैदरभाईची लुना उभी, आन् हैदरभाई ओट्यावर, मांडीवर बेंजो. शेजारी बिलकिसभाभीनं पाठवलेला डब्बा. मंजूचे बाबा आतच, कोठीच्या मांगं. एवढ्या वर्साचा दोस्त दारी आला तं त्यालेबी जयभीम-सलाम आतूनच.

"न्यायले आलो, भाभी," हैदरभाई म्हनले. "पन वाजते का नाई ते तं पाहाव लागन. सुलतानपूरले नेलं आन् खराब निघालं तं बिलकिस मलेच घराबाहीर काढन."

"पाहा ना मंग," मी म्हनली. दुसरं काय म्हनू?

त्यायनं पट्टी घेतली आन् वाजवाले सुरुवात केली. माय वं माय! ढोलकचा हात तो, तारांवर चालला. ठक. ठक. ठक. जनू कोनी दाराले खिळे ठोकून राह्यलं. चाल मंजूच्या बाबाचीच होती, रोज संध्याकाळी वाजवत तीच, मलेबी ओळखू आली. पन तिचे हाल पाहवेनात. मले, जिले गान्यातलं काही कळत नाई, तिलेबी वाटलं का कानात बोटं घालावं.

आतून पहिले खोकला आला. मंग आवाज आला, "वरची चावी दाब बे."

हैदरभाईनं दाबली. खालची.

"वरची म्हनतो ना! वरची!"

"हीच तं वरची हाय, यार."

"तुह्या डोस्क्यावरची हाय का ते?"

हैदरभाईनं पुन्हा खालचीच दाबली. ते मुद्दाम करत होते का त्यायले खरंच येत नव्हतं, हे मले आजबी मालूम नाई. इचारलं तं दाढीत हासतात नुसते.

एवढ्यात मंजूचे बाबा उंबऱ्यात आले. उंबऱ्यातून ओट्यावर आले. किती दिवसानं तो मानूस उजेडात आला, आन् आला तो रागानं लालबुंद. उजवा हात दुपट्ट्याखाली, डावा हवेत नाचवून राह्यले.

"अबे कापूस पिंजून राह्यला का तू? चाव्या जाऊ दे, चाव्या मंग. पहिले उजवा हात. असा एक एक ठोका नसते मारत, हे काय ढोलक हाय? मनगट सैल सोड. ठोक्याले ठोका लागून गेला पायजे, मधी फट दिसली नाई पायजे. हात थरथरला पायजे बे, सारखा थरथर..."

आन् थांबले.

हैदरभाईचा हात तारांवर तसाच राह्यला. दुपट्ट्याखाली तो हात हालत होता, रोज हालते तसाच. हैदरभाईनं पाह्यलं. म्या पाह्यलं. मंजूच्या बाबानं सोताबी मान खाली घालून पाह्यलं, जनू दुसऱ्याच कोनाचा हात हाय.

हैदरभाईनं मुकाट्यानं बेंजो मांडीवरून उचलला आन् त्यायच्या पुढं सरकवला.

"नको," मंजूचे बाबा म्हनले. "पट्टी धरवत नाई."

"पाह्य तं एकडाव."

"पाह्यलं म्हनतो ना!"

पन बसले. दुपट्ट्यातून हात काढला. पट्टी उचलली, गळून पडली. पुन्हा उचलली, तारेले लागली, एक बारीकसा आवाज झाला आन् पट्टी तारांमधी अडकून बसली. हैदरभाईनं काढून देल्ली. तिसऱ्यांदा ती ओट्याखाली पडली आन् कोंबडी तिले दाना समजून टोचाले आली. मंजूचे बाबा उठले. "ने बे घेऊन," म्हने. "ने. डोळ्यापुढून ने."

आता माहं डोस्कं फिरलं.

"बसा खाली!" मी अशी वरडली का कोंबडी उडून म्हशीच्या गव्हानीत गेली आन् कुडाच्या पलीकडून झुंबरबाई डोकावली. "कुठी चालले? कोठीच्या मांगं? काय ठेवलं तिथं? बसा म्हनते ना मुकाट्यानं!"

मंजूचे बाबा बसले. लग्नापासून मी लय डाव वरडली असन, पन त्यायनं ऐकलं असं पहिल्यांदाच झालं.

मी काय करून राह्यली हे मलेबी धड मालूम नव्हतं. मले सूर समजत नाई, ताल समजत नाई. पन बोटाले काही बांधायचं असन तं ते मले समजते. माह्या बोटाची चिंधी दातानं सोडली. ओट्याखालची पट्टी उचलून पदराले पुसली. त्यायचा हात माह्या मांडीवर घेतला, पट्टी अंगठ्याजवळच्या बोटाच्या आतून लावली, आन् चिंधीनं गुंडाळली, वेचनीले गुंडाळते तशीच, जराशी जास्त आवळून. मंग गाठ मारली, दातानंच. हात एवढा थरथरत होता का माहे दात त्यायच्या नखाले लागले. दवाखान्यातून आल्यापासून तो हात त्यायनं मले धरूच देल्ला नव्हता. कसा गरम होता. मले रडू आलं, पन गाठ दातात होती, रडता कसं येईन?

"लय आवळली का?" म्या इचारलं.

"नाई."

"मंग वाजवा."

त्यायनं हात तारांवर नेला. हात आपला थरथरतच होता. आता त्याच्याखाली तारा आल्या, एवढंच. आन् आवाज निघाला. तिर्रर्रर्र, एकसारखा, मधी कुठीच फट नाई. मंजूचे बाबा दचकले. हात उचलला, माह्याकडं पाह्यलं, हैदरभाईकडं पाह्यलं, पुन्हा ठेवला. तिर्रर्रर्र. मंग डावा हात चाव्यायवर गेला. तो हात कुठी बिघडला होता? त्याले सारं याद होतं. ती चाल सुरू झाली.

पहिलेसारखी नव्हती, हे मी खोटं नाई सांगनार. पहिले ते ओळ संपली का थांबत, दम घेत, मंग पुढं जात. आता हातच थांबत नव्हता तं चाल कुठी थांबन? मधीच भलत्या तारेवर जाई, खरखर होई. पन गानं चालूच राह्यलं. हैदरभाईनं ओट्याच्या फळीवर ठेका धरला. त्यायच्या डोळ्यातलं पानी दाढीत उतरून राह्यलं होतं, पन ठेका चुकला नाई. झुंबरबाई कुडाले वळसा घालून आली आन् जात्यावर टेकली. तिच्या केसाले अजून कापूस होता.

"इंद्रभान," हैदरभाई म्हनले, "पहिले हे काम तुले कराव लागत होतं, यार. आता हात आपल्या मनानं करून राह्यला. तू आराम कर."

"आराम कायचा बे!" मंजूचे बाबा म्हनले. "याले आता थांबवू कसा, ते सांग!"

आन् हासले. खरं सांगते, हासले. तो हात उचलला का हवेतच वाजवल्यावानी करे, ते पाहून आनखी हासले. हैदरभाई हासले, झुंबरबाई पदर तोंडाले लावून हासली. मी काही हासली नाई. मी पाहत राह्यली त्यायच्याकडं. मले वाटलं, बोललं तं जाईन हे सारं.

बराच वेळ वाजवलं. मंग हैदरभाई गिलाफ हातात घेऊन म्हनले, "मंग, नेऊ का?"

"ने ना. हात तं लावून पाह्य!"

हैदरभाईनं गिलाफाची घडी करून बुडाखाली घेतली आन् म्हनले, "भाभी, भूक लागली."

मी आत गेली. वांग्याची भाजी होती, टोपलीत भाकरी होत्या, आन् बिलकिसभाभीच्या डब्ब्यात खीर. सवयच पडलेली, मंजूच्या बाबाचं ताट पहिले वाढलं आन् कोठीच्या मांगं, भिंतीजवळ नेऊन ठेवलं. पान्याचा तांब्या ठेवला. मंग बाहीर येऊन हैदरभाईले ताट देल्लं, झुंबरबाईले देल्लं.

मंजूच्या बाबानं दोघायच्या ताटाकडं पाह्यलं.

"माहं कुठी हाय?"

"आत ठेवलं," मी म्हनली.

त्यायनं चिंधीचा हात माह्यापुढं केला. "हे सोड," म्हने. "आन् ताट इकडं आन."

माह्या हातानं ती गाठ सुटता सुटेना. म्या आत धावत जाऊन ताट आनलं, भाजी अर्धी इकडं अर्धी तिकडं. त्यायच्या पुढं ठेवलं. त्यायनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आन् उचलला. भाजी सदऱ्यावर सांडली. तुकडा हनवटीले लागला, मंग तोंडात गेला. हैदरभाईनं मान खाली घातली आन् आपल्या ताटात पाहू लागले.

"वर पाह्य बे," मंजूचे बाबा चावता चावता म्हनले. "असंच सांडते माहं. पाहून घे एकडाव, म्हनजे सवय होईन."

हैदरभाईनं वर पाह्यलं. "हाव," म्हनले. "बिलकिस असती तं मले म्हनली असती, याच्यापरीस तुमीच जास्त सांडता."

ते जेवत राह्यले. सदरा भरला, मांडी भरली, ओटा भरला. गव्हानीतून कोंबडी परत आली, तिचं तं सनच झालं. दुसरा घास, तिसरा घास. मी दाराले टेकून उभी. मले बसताबी येईना न् आत जाताबी येईना. खिरीची वाटी दोन्ही हातानं धरून तोंडाले लावली, मिशीले खीर लागली, पुसली नाई. भाकर संपली. मंजूच्या बाबानं रिकाम्या ताटावरून बोट फिरवलं आन् माह्याकडं पाह्यलं.

"अजून अर्धी दे वं."

म्या टोपलीत हात घातला तं टोपली रिकामी. मी त्यायच्या मानानंच थापत होती ना रोज, उरतात म्हनून कमीच टाकायची. घरात भाकर पुरली नाई असे दिवस म्या पाह्यले हायेत. तवा शेजारी पाहुना असला तं लाजेनं कुठी तोंड लपवू असं झालं होतं. त्या दिवशी मी धावत चुलीपाशी गेली, परातीत पीठ घेतलं, आन् मळता मळता अशी मोठ्यानं रडली का बाहीर साऱ्यायले ऐकू गेलं. जाऊ दे ऐकू.

"काऊन रडून राह्यली वं?" बाहीरून मंजूच्या बाबाचा आवाज आला.

"उठू नका!" मी आतूनच वरडली. "बसून राहा तिथंच! गरम टाकते!"